शेवटच्या वळणावरचे हात

आमच्याकडे रेस बघायला आलेला माणूस कुठे उभा राहतो, त्यावरून तो कोण हे कळतं. जिंकायच्या खांबापाशी गर्दी करतात ते पाहुणे, नवी लग्नं झालेले आणि ज्यांना कुणी काही सांगत नाही असे. जाणकार उभे राहतात शेवटच्या वळणावर, कठड्याला पोट टेकवून. त्यांना घोडे बघायचेच नसतात. ते जॉकीचे हात बघतात. वळणावर हात पुढे सरकले, लगाम सैल पडला, तर घोडा आज खरा पळतोय. हात पोटाशीच राहिले तर खेचलाय, म्हणजे मुद्दाम मागे धरलाय. मग पुढच्या सरळ पट्ट्यात तो जॉकी कितीही खांदे हलवो नाहीतर चाबूक हवेत नाचवो, वळणावरची माणसं तोवर चहाच्या तंबूकडे निघालेली असतात.

माझे बाबा, कॉन क्रीडन, आयुष्यभर त्या वळणावर उभे राहिले. घोड्यांना नाल ठोकायचा त्यांचा धंदा. आसपासच्या सगळ्या घोड्यांचे पाय त्यांच्या मांडीवर येऊन गेलेत, पण विश्वास ठेवायचा तर माणसाच्या हातांवर, असं ते म्हणायचे. मग माझा धाकटा भाऊ फिनबार जॉकी झाला. बालिव्हाराच्या मैदानावर त्याने केटी नावाच्या घोडीला पहिल्यांदा खेचलं ते बाबांनी त्याच वळणावरून पाहिलं. घरी आले, बूट काढले आणि त्याला म्हणाले,

"जिंकायला बसशील त्या दिवशी बोलव मला. तोवर मी टीव्हीवर बघेन. टीव्ही बंद तरी करता येतो."

फिनबारने बाबांचे बूट उचलून दाराशी ठेवले. बोलणार काय? ट्रेनरने सांगितलं ते त्याने केलं होतं.

ट्रेनर म्हणजे डिनी लेनिहान. त्याच्या पागेत मी घोड्यांची देखभाल करायचे आणि फिनबार त्यांच्यावर बसायचा. केटी कागदोपत्री डिनीच्या बायकोची. डिनी रोज सकाळी चर्चमध्ये पहिल्या बाकावर दिसणारा माणूस. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायचा नाही. 'खेच' हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. रेसच्या आधी फिनबारला घोडीवर चढवून झालं की त्याच्या गुडघ्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "आज तिला जरा शाळेत फिरवून आण, बाळा." एवढंच. शाळेत फिरवणं म्हणजे मागे राहायचं, वळणावर आवरून धरायचं, चारपाच घोडे पुढे जाऊ द्यायचे आणि कुणाच्या नजरेत न भरता परत यायचं.

कशासाठी ते सांगते. जो घोडा चांगला पळेल त्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचं, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी, असा नियम आहे. ज्याने केला त्याला वाटलं असेल, काय न्यायी माणूस मी! आमच्या लोकांनी त्यातून काढलेला अर्थ असा, की चांगला घोडा वाईट दाखवत राहायचा, वजन उतरवून घ्यायचं, आणि एक दिवस हलक्या पाठीने मोकळा सोडायचा. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून बुकींना धुऊन काढायचं. ह्याला आमच्याकडे फसवणूक म्हणत नाहीत, डोकं म्हणतात. पबमध्ये त्याच्या गोष्टी चालतात आणि सांगणारे-ऐकणारे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात.

मला नाही येत हसू. घोडीचं तोंड मी धुवायचे.

केटी तपकिरी, मागचा एक पाय पांढरा. स्वभावाने गरीब आणि डोक्याने तल्लख. पागेच्या दाराची कडी ती ओठांनी उघडायची आणि बाहेर येऊन माझ्या जॅकेटचा डावा खिसा हुंगायची. त्यात पेपरमिंट असते हे तिला एकदा कळलं होतं, आणि एकदा कळलेलं ती विसरत नसे. पळायची तर तिला भारी हौस. त्या पहिल्या रेसमध्ये वळणावर फिनबारने आवरलं तेव्हा ती त्याच्याशी भांडली. मान वर, जबडा उघडा, फेसात रक्त. परत आली तेव्हा ओठाचा कोपरा फाटलेला होता. मी मिठाच्या पाण्याने पुसत होते आणि फिनबार खोगीर पोटाशी धरून शेजारी उभा होता.

"फार दुखतंय का गं तिला?"

"तूच विचार की. तुझी चांगली ओळख आहे."

"टोचून बोलू नकोस, हॅनी. मी नाही म्हटलं तर डिनी दुसऱ्या कुणाला बसवेल. त्याचे हात माझ्यापेक्षा जड असतील."

हे खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त राग यायचा. आमच्या धंद्यात प्रत्येकाकडे असं एक खरं वाक्य असतं, आणि त्याच्या आडोशाला तो वाटेल ते करतो.

"खांब ओलांडला की मी तिला सोडतो," तो म्हणाला. "बघितलंस ना? खांबाच्या पुढचं कुणी मोजत नाही. हात सैल करतो, मानेवर थाप देतो, म्हणतो, जा बाई, पळ आता. तेवढं तरी तिचं तिला."

खरंच सोडायचा. रेस संपली की केटी कान टवकारून अशी सुटायची की बघत राहावं. पुढचे दमलेले घोडे थांबत असायचे आणि ही त्यांच्या मधून खेळत निघून जायची. मग मी तिला पेपरमिंट द्यायचे. दोघं मिळून आम्ही तिचे लाड करायचो. ती हरली होती आणि आम्हाला वाईट वाटत होतं, म्हणून.

दुसऱ्या वेळी ती कमी भांडली. तिसऱ्या वेळी भांडलीच नाही. तोंडाची जखम भरली, आणि वेडी मी, मला बरं वाटलं.

शर्यतीच्या पंचांनी मधे एकदोनदा बोलावून विचारलंही, की ही घोडी शेवटी एवढी ताजी कशी? डिनी टोपी काढून, मान खाली घालून म्हणाला, "अजून कच्ची आहे हो साहेब. घाबरते गर्दीला. शिकेल हळूहळू." फिनबारनेही तेच सांगितलं. पंचांनी मान डोलावली आणि स्पष्टीकरण मान्य केलं. मान्य करण्याचा पगार मिळत असावा त्यांना.

मग नाताळाच्या आधी घरच्या माळावर सराव चालला असताना फिनबारच्या काहीतरी लक्षात आलं. डिनी जीपच्या बॉनेटला टेकून उभा होता. मी दुसरा घोडा धरून जवळच होते.

"डिनी, ही दुसऱ्याच्या पुढे जात नाहीये," फिनबार म्हणाला. "हात पुढे टाकले तरी. टेकडीच्या वळणावर आली की आपण होऊन कान पाडते आणि मागे सरते."

"मग चांगलंच आहे की. शांत झाली."

"शांत नाही झाली. तिला वाटतंय तिचं काम तेच आहे. दोन महिने तिला जरा एकटीला पळवू, पुढे जाऊ देऊ. सरावात जिंकू दे चारदोनदा. विसरेल."

"आणि ते कुणी बघितलं म्हणजे? दुर्बिणी घेऊन बसलेत लोक झुडपांत. तिचं वजन आत्ता कुठे पिसासारखं झालंय." डिनी हसला. "बाळा, घोडं आहे ते. चाबूक दाखवलास की समजेल तिला, आज सुट्टी नाही म्हणून."

"नाही समजणार. ती हुशार आहे."

"तुझ्यापेक्षा?" डिनी म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

फेब्रुवारीत बालिव्हाराला अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं नाव घातलं. आदल्या दिवशी डिनी घोडी बघायला आला, तिच्या पायांवरून हात फिरवला आणि फिनबारकडे न बघता म्हणाला, "उद्या शाळा नाही." मग स्वतःच्याच अंगठ्याच्या नखाकडे बघत म्हणाला, "उद्या मोकळी."

फिनबार पागेच्या मागे गेला आणि त्याने बाबांना फोन लावला. मी बादल्या भरत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, उद्या या. ... हो. ... हो, वळणावरच उभे राहा. ... शप्पथ."

फोन खिशात टाकून तो माझ्याकडे वळला. तसा चेहरा मी त्याचा लहानपणी, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी पाहिला होता, नवा सूट घातलेला असताना. त्याला जिंकायचं होतंच, पण त्याहून जास्त त्याला हवं होतं की बाबांनी त्याचे हात पुढे गेलेले बघावेत. एकदा. आपला बाप आपल्याला खेचणारा म्हणून ओळखतो, हे किती दिवस अंगावर वागवायचं माणसाने?

रेसच्या दिवशी गार वारा होता आणि मैदानात चिखल. बाबा चांगला कोट घालून आले. माझ्याशी दोन शब्द बोलले, केटीचे नाल वाकून बघितले (दुसऱ्या कुणी ठोकलेले, म्हणून नाक मुरडलं) आणि तडक वळणाकडे चालू लागले. बुकींच्या फळ्यांवर केटीचा भाव घसरत घसरत कुठल्या कुठे आला. पैसे लागत गेले की भाव उतरतो, म्हणजे डिनीची माणसं आपलं काम करत होती. पाहुण्यांनाही वास लागला आणि तेही धावले. रेस सुरू होईस्तोवर अर्धं मैदान केटीचं झालं होतं.

घोडे सांभाळणारे आम्ही खांबाच्या पुढच्या फाटकापाशी उभे राहतो. समोर मोठा पडदा असतो. फिनबारने तिला अशी नेली, की ज्याला घोड्यावर बसणं म्हणजे काय ते कळतं त्याने टोपी काढावी. एकही उडी चुकली नाही. वळणाकडे आले तेव्हा पुढे दोनच घोडे होते, तेही दमलेले, आणि केटी मजेत होती.

वळणावर त्याने हात पुढे टाकले. पडद्यावर मला लख्ख दिसलं. लगाम सैल पडला, तो तिच्या मानेवर वाकला, ओरडलाही असणार.

केटीने कान पाडले आणि वेग कमी केला.

त्याने परत हात पुढे ढकलले. तिने अजून कमी केला. बाजूने एक घोडा पुढे गेला. त्याने चाबूक काढला, एकदा मारला. ती दचकली आणि तिने मान वळवून मागे बघितलं. मला विचाराल तर ती त्याला विचारत होती, अरे, नीट करतेय ना मी? काय चुकलं? त्याने परत हात उगारला आणि तसाच खाली आणला. मारून काय उपयोग? जे शिकवलं ते ती मन लावून करत होती. उरलेला पट्टा त्याने नुसत्या हातांनी ढकलत काढला आणि केटी चौथी आली, अंगावर घामाचा थेंब नाही.

आणि मग खांब ओलांडला.

कान टवकारले तिने. कुणी काही सांगायची गरजच नव्हती. खांबापुढे दहा ढांगांत तिने तिसऱ्याला गाठलं, मग दुसऱ्याला, आणि आमच्या फाटकासमोरून जाताना जिंकलेल्या घोड्याला मागे टाकून एकटी पुढे निघून गेली. फिनबार लगाम ओढत होता, उभा राहून ओढत होता, आणि ती खूश होऊन पळत होती.

सगळ्या मैदानाने ते पाहिलं. आणि मग जो गदारोळ झाला!

"अरे ए चोरा! रेस संपली की!"

"झोप झाली का गं बाई?"

"घोडीला दे परवाना आणि तू ओढ गाडी!"

कुणीतरी बियरचा प्लास्टिकचा ग्लास फेकला, तो केटीच्या खांद्यावर आपटला. मी तिचा लगाम धरला तेव्हा तिने माझ्या डाव्या खिशात नाक खुपसलं. पेपरमिंट मागत होती. काम चोख केलं होतं ना. मी तिला दिली, आणि फिनबारकडे बघायचा धीर मला झाला नाही.

पंचांनी लगेच बोलावलं. घोडी धडधाकट आहे का ते डॉक्टरने तपासलं आणि तिची देखभाल कोण करतं म्हणून मलाही आत घेतलं. टेबलामागे तिघं होते. मधला, अध्यक्ष, प्रेंडरगास्ट नावाचा, लाल गालांचा सभ्य माणूस. त्याने आधी डिनीला विचारलं, जॉकीला सूचना काय होती?

"जिंकायची, साहेब," डिनी म्हणाला. "बायबल आणा, हात ठेवून सांगतो. माझ्या घरच्यांनी, मित्रांनी आज पैसे लावलेत तिच्यावर. बुकींना विचारा. मी कशाला खेचायला सांगू? ह्या पोराने काय केलं ते ह्या पोराला माहीत."

आणि ह्यातलं अक्षरही खोटं नव्हतं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वर्षभर खोटं बोलून हा माणूस सुटला होता आणि आज खरं बोलूनही सुटत होता. टेबलामागचे तिघं समजूतदारपणे माना डोलावत होते. पैसे लावलेत म्हणजे माणूस प्रामाणिक, झालं.

"मिस्टर क्रीडन," अध्यक्ष फिनबारला म्हणाला, "तुमचं काय म्हणणं?"

"मी जिंकायला बसलो होतो, साहेब."

"मग चाबूक खाली का ठेवलात? आणि खांबानंतर ही घोडी सगळ्यांच्या पुढे गेली ती कशी?"

फिनबारने डिनीकडे बघितलं. डिनी छताकडे बघत होता. माझ्याच्याने राहवलं नाही.

"कारण तिला तसं शिकवलंय!" मी म्हणाले. "वळणावर थांबायचं आणि खांबानंतर पळायचं, हे शिकवलंय तिला सगळ्यांनी मिळून. ह्या डिनीने सांगितलं आणि फिनबारने केलं आणि तुम्ही इथे बसून माना हलवल्यात! लावा ना मागच्या सगळ्या रेसा त्या पडद्यावर. बघा, कशी सुधारत गेलीये ती हरण्यात!"

"हॅनी," डिनी गोड आवाजात म्हणाला, "तुला त्रास होतोय, बाळा. भाऊ आहे तुझा."

"मिस क्रीडन," अध्यक्ष म्हणाला, "त्या शर्यतींची चौकशी त्या त्या वेळी झाली आहे. स्पष्टीकरण मान्य झालं आहे."

"कुणाचं स्पष्टीकरण?"

"लेनिहान साहेबांचं." त्याने चष्मा काढला. "आणि तुमच्या भावाचं." मग तो फिनबारकडे वळला. "तुमची बहीण म्हणते ते खरं असेल तर तसं सांगा. पण विचार करून सांगा. मग आजचा प्रश्न राहत नाही, त्या सगळ्या शर्यती उघडाव्या लागतील. तुमचा परवाना राहील असं मी म्हणू शकणार नाही."

म्हणजे बघा. आज घोडी खरी पळवली हे सिद्ध करायचं तर आधी सगळीकडे खेचलं हे कबूल करायला हवं. आणि ते कबूल केलं नाही, तर आज खेचलं असं ठरणार. फिनबार किती वेळ आपल्या हातांकडे बघत होता. हातमोज्यांवर चिखल होता. त्याला दुसरं काही येत नाही. शाळा अर्धी सोडून तो घोड्यांत गेला, आणि घोडा नसता तर तो गल्लीतल्या चारचौघांसारखा एक बुटका माणूस आहे.

"माझी बहीण रागात बोलतेय, साहेब," तो म्हणाला. "घोडी का पळाली मला माहीत नाही."

त्याला दोन महिने घरी बसवलं. डिनीवर काही ठपका नाही. बाहेरच्या बोळात डिनीने मला थांबवलं आणि टोपी नीट करत म्हणाला, "उद्यापासून तू येऊ नकोस, हॅनी. देव तुझं भलं करो."

"देवाला मधे आणू नका," मी म्हणाले, "नाहीतर त्यालाही शाळेत फिरवून आणाल."

पण बोलून काय होतं? तो गेला. पुढच्याच महिन्यात केटीला त्याने विक्रीला काढलं आणि ती बोटीने इंग्लंडला गेली. ती काय शिकलीये ते नव्या मालकाला कुणी सांगितलं नसणार.

त्या संध्याकाळी बाबा गाडीपाशी उभे होते. आम्ही दोघं जाऊन बसलो. गाडी गावाबाहेर पडली. मग फिनबार मागच्या सीटवरून म्हणाला, "बाबा, मी खरंच..."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "वळणावर होतो मी. हात पुढे होते तुझे. सैल होता लगाम."

फिनबारने तोंडावर टोपी धरली आणि रडला. लहान मुलासारखा आवाज करून रडला. बाबा रस्त्याकडे बघून गाडी चालवत होते.

"माझ्या आजूबाजूला सगळी जुनी माणसं होती," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मी म्हटलं त्यांना, बघा, हात बघा पोराचे. तर ते म्हणाले, कॉन, तुझ्या पोराने तर कमालच केली, हात पुढे टाकून खेचतो!" पुढच्या गावाची पाटी मागे पडली. मग म्हणाले, "लगाम आता तिच्या डोक्यात बसलाय, फिनबार. तो तुझ्या हातात नाही राहिला."

रविवारी चर्चच्या फाटकाबाहेर नेहमीची माणसं नेहमीसारखी घोळका करून उभी होती. मी मनाची तयारी केली होती की लोक तोंड फिरवतील. पैसे बुडाले होते ना त्यांचे. एकदोघांनी फिरवलंही. पण बाकीचे? बाकीचे फिनबारच्या पाठीवर थाप मारून जात होते, डोळे मिचकावत होते. एक म्हातारा त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "आता पुढच्या वेळी आधी सांग हं, बाळा." आणि मग मर्टी टूमी आला. पलीकडच्या खोऱ्यातला मोठा ट्रेनर, ज्याच्या पागेत उभं राहायला मिळावं म्हणून आमची पोरं नवस बोलतात. त्याने फिनबारचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि उलटापालटा करून बघितला.

"चाळीस वर्षं बघतोय मी," मर्टी म्हणाला. "असं काम नाही पाहिलं. लगाम सैल, हात पुढे, आणि घोडी थांबते! पंच काय डोंबल पकडणार? ते खांबापुढचं तेवढं जरा अंगाशी आलं, पण ते शिकशील. दोन महिने झाले की ये माझ्याकडे. मला असेच हात हवेत."

"मी जिंकायला बसलो होतो," फिनबार म्हणाला.

मर्टी आधी गंभीर झाला आणि मग इतका हसला की त्याला फाटकाला धरावं लागलं. "शाबास! हेच म्हणायचं! पंचांसमोरही हेच म्हणालास ना? अगदी असाच चेहरा ठेवून?"

"तो खरं सांगतोय," बाबा म्हणाले. "मी वळणावर होतो, मर्टी. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"बघा! बापालाही पढवलंय!" मर्टीने डोळे पुसले. "कॉन, काय घराणं आहे रे तुमचं!"

माझ्या हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं. ते मी त्याच्या तोंडावर फेकलं. हसणाऱ्या तोंडावर, भर रविवारी, फादर दारात उभे असताना. त्याचा चष्मा उडाला आणि घोळक्यात कुणीतरी म्हणालं, बाई तापट आहे पण भाऊ सोनं आहे. मला आजही त्याची लाज वाटत नाही. पुस्तक फार पातळ होतं, एवढंच.

घरी येताना बाबांनी फिनबारला विचारलं, "जाशील?"

त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. मला वाटलं, नाही जाणार. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी त्या दोन महिन्यांत त्याला भट्टीवर बसवला, नाल वाकवायला शिकवायला लागले. फिनबार रोज यायचा, मुकाट्याने घाव घालायचा. जमत नव्हतं त्याला. त्याला सवय होती ती जिवंत काहीतरी हातात धरायची.

बंदी संपली त्या सोमवारी तो पहाटेच उठून मर्टीकडे गेला. मी त्याला आडवी आले होते दारात. चिडून, ओरडून, वाटेल ते बोलले. तो म्हणाला, "हॅनी, एकदा खरा बसलो. कुणाला दिसलं?"

"बाबांना दिसलं!"

"हो," तो म्हणाला. "बाबांना दिसलं." आणि माझ्या बाजूने वाट काढून गेला.

आता तो चांगला चाललाय. वर्तमानपत्रात नाव येतं. मर्टीचे मोठे घोडे त्याच्याकडे असतात, जिंकतोही पुष्कळ, ज्या दिवशी जिंकायचं असतं त्या दिवशी. मर्टीकडून त्याची पहिली रेस होती तेव्हा मी आणि बाबा स्वयंपाकघरात टीव्हीसमोर बसलो होतो. घोडा चांगला होता, उड्या छान घेत होता. शेवटचं वळण जवळ आलं. ज्या माणसाने आयुष्यात दुसरं काही बघितलं नाही, ते माझे बाबा नेमके तेव्हा खुर्चीतून उठले आणि पडद्याकडे पाठ करून चहाचं आधण ठेवायला गेले. टीव्ही त्यांनी बंद केला नाही. नळ मात्र बराच वेळ चालू ठेवला.

"कितवा आला?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

"चौथा," मी म्हणाले.

"घोडा कच्चा असेल अजून," बाबा म्हणाले.